१६४० तास: मोबाइल आणि मेंदूतल्या गाठींचा हा आकडा वाचायचा कसा?

निषाद_पु (धागाकर्ता)

'रोज अर्धा तास मोबाइल कानाला लावलात तर दहा वर्षांत ब्रेन कॅन्सरचा धोका ४० टक्के.' हा निरोप व्हॉट्सअॅपवर पावसाळी छत्र्यांसारखा दरवर्षी उगवतो, सोबत कवटीचा लालपिवळा फोटो. गंमत अशी की यातला ४० हा आकडा खरा आहे. तो कुठून आला आणि वाटेत त्यातलं काय काय गळालं, एवढ्यासाठी हा धागा.

मूळ अभ्यास इंटरफोन. १३ देश (भारत त्यात नव्हता), बहुतेक रुग्ण २००० ते २००४ मधले, वय ३० ते ५९, निकाल २०१० मध्ये. ग्लायोमाचे (मेंदूच्या आधारपेशींतून निघणारी गाठ) २,७०८ रुग्ण, मेनिन्जिओमाचे (मेंदूच्या आवरणाची गाठ) २,४०९. प्रत्येक रुग्णाला वय, लिंग आणि राहण्याचा भाग जुळवून गाठ नसलेली माणसं निवडली, तेच कंट्रोल. दोन्ही गटांना सारखेच प्रश्न: फोन कधीपासून वापरता, आठवड्याला किती कॉल, प्रत्येक कॉल किती मिनिटांचा, कुठल्या कानाला. निदानाच्या आधीचं एक वर्ष हिशोबातून वगळलं, कारण गाठीची लक्षणं सुरू झाली की फोनची सवयच बदलते. मग प्रत्येकाचे आयुष्यभराचे तास काढले आणि वापरणाऱ्यांचे दहा गट पाडले.

ग्लायोमासाठी ऑड्स रेशो (रुग्णांतलं वापरणारे-न वापरणारे हे गुणोत्तर भागिले कंट्रोलमधलं तेच; १ म्हणजे फरक नाही) असे आले: पहिल्या नऊ गटांत एक वगळता सगळे १ च्या खाली. नवव्या गटात, म्हणजे ७३५ ते १,६३९ तासांना, ०.७१. आणि दहाव्या गटात, १,६४० तासांच्या वर, एकदम १.४० (विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पट्टा, १.०३ ते १.८९). मेनिन्जिओमासाठी दहाव्या गटात १.१५ (०.८१ ते १.६२), म्हणजे निष्कर्ष काढण्याजोगं काही नाही.

१,६४० तास दहा वर्षांवर पसरले की रोजचे २७ मिनिटं होतात. झाला 'रोज अर्धा तास'. आणि १.४० म्हणजे '४० टक्के जास्त' याचं झालं '४० टक्के धोका'. पाश्चात्त्य देशांत ग्लायोमा वर्षाला लाखात साधारण ६ जणांना होतो. १.४० शब्दशः खरा धरला तरी ६ चे साडेआठ होतील, चाळीस हजार नव्हेत.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. नऊ गटांत फोन जणू औषध आहे आणि दहाव्यात अचानक विष. मात्रा आणि परिणाम यांचा आलेख असा कसा असेल?

त्रैराशिक

तो आलेख शरीराचा नाही, मुलाखतींचा आहे. आधी १ च्या खालचे आकडे घेऊ. सगळ्या नियमित वापरणाऱ्यांना एकत्र धरलं तर ग्लायोमासाठी ०.८१ आणि मेनिन्जिओमासाठी ०.७९ येतं, दोन्हींचं विश्वासांतर १ च्या खाली. फोनमुळे गाठी टळतात असं कुणीच मानत नाही. मग काय झालं? मेनिन्जिओमाच्या ७८ टक्के आणि ग्लायोमाच्या ६४ टक्के रुग्णांनी मुलाखत दिली; कंट्रोलपैकी फक्त ५३ टक्क्यांनी.

आता कागदावर एक काल्पनिक हिशोब करा. गाठ नसलेले १,००० लोक, ६०० फोनवाले, ४०० बिनफोनवाले. खरं गुणोत्तर दीड. 'मोबाइलबद्दल अभ्यास आहे' असं पत्र गेल्यावर फोनवाल्यांपैकी ६० टक्के तयार होतात, बिनफोनवाल्यांपैकी ४५ टक्केच, कारण 'आपला काय संबंध'. हाती येतात ३६० आणि १८०. गुणोत्तर झालं दोन. रुग्णांमध्ये ते खरं, म्हणजे दीडच असेल, तर १.५ भागिले २ = ०.७५. फोनचा परिणाम शून्य धरूनही ऑड्स रेशो ०.७५!

इंटरफोनवाल्यांनी हे तपासलंही होतं. नकार देणाऱ्यांना दोन-चार प्रश्नांची छोटी चौकशी केली, तेव्हा त्यांच्यात नियमित वापरणारे खरोखरच कमी निघाले.

वैशाख_वणवा

थांबा. हीच दुरुस्ती पुढे न्या ना. सहभागाची गडबड बिनफोनवाल्यांमुळे आहे, तर त्यांना काढून टाका आणि वापरणाऱ्यांचीच आपसांत तुलना करा. इंटरफोनच्या परिशिष्टात ती केलेली आहे. सगळ्यात कमी वापरणारे हा पाया धरला की १,६४० तासांच्या वर ग्लायोमाचा ऑड्स रेशो १.४० राहत नाही, १.८२ होतो (१.१५ ते २.८९). दहा वर्षांहून जास्त वापरासाठी २.१८. हे परिशिष्टात का, मुख्य लेखात का नाही? 'मुलाखतींचा दोष' हा हवा तेव्हा काढायचा हुकमी एक्का होता कामा नये.

फ्रान्सचा सेरेनाट अभ्यासही (२०१४) बघा. ८९६ तासांच्या वर ग्लायोमासाठी २.८९ (१.४१ ते ५.९३). तिथे ८९६ तास म्हणजे पाच वर्षं रोज जेमतेम अर्धा तास.

त्रैराशिक

परिशिष्टाचा मुद्दा रास्त आहे आणि तो झाकला जाऊ नये. पण त्या दुरुस्तीने एकच भोक बुजतं, सहभागाचं. दुसरं भोक आठवणीचं, आणि ते नेमकं दहाव्या गटातच सगळ्यात मोठं आहे.

इंटरफोनमध्येच काही स्वयंसेवकांच्या सांगण्याची कंपनीच्या नोंदींशी किंवा मुद्दाम दिलेल्या नोंद ठेवणाऱ्या फोनशी तुलना झाली. लोक कॉलची संख्या किंचित कमी सांगतात आणि कॉलची लांबी सरासरी १.४ पट जास्त सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही. कमी बोलणारा आणखी कमी सांगतो, जास्त बोलणारा फुगवून सांगतो. आणि जितकं मागच्या काळाबद्दल विचारावं, तितका रुग्णांचा फुगवटा कंट्रोलपेक्षा वाढतो. 'मलाच का झालं' याचं उत्तर शोधणारा माणूस जुने दिवस कंट्रोलपेक्षा जास्त खणतो, यात लबाडी नाही.

परिणाम असा की खरे १,००० तासवाले काही रुग्ण दहाव्या गटात जाऊन बसतात आणि नववा गट रिकामा होतो. नवव्यात ०.७१ आणि दहाव्यात १.४० हा जिना तसा पडू शकतो. दहाव्या गटात २१० रुग्ण आणि १५४ कंट्रोल होते. तीसेक जण इकडचे तिकडे झाले की चित्र पालटतं. दिवसाला पाच तासांहून जास्त बोलत होतो असं सांगणारेही त्यात होते, आणि असं सांगणाऱ्यांत रुग्ण जास्त होते. २००० सालच्या दरात रोज पाच तास!

अँटेना_बुवा

सगळी चर्चा तासांवर चालली आहे. पण तास म्हणजे मात्रा नव्हे. विजेच्या बिलात 'दिवा किती वेळ लावला' एवढंच लिहिलंय, किती वॅटचा ते नाही, असा हा प्रकार.

जीएसएम ९०० चा (टूजी, ९०० मेगाहर्ट्झचा) फोन जास्तीत जास्त २ वॅट फेकतो, १८०० चा १ वॅट. पण आठ वेळ-खाचांपैकी एकाच खाचेत बोलतो, म्हणून सरासरी कमाल ०.२५ आणि ०.१२५ वॅट. तुम्ही गप्प असताना प्रसारण तुटक होतं, म्हणजे आणखी कमी. त्यातून टॉवर सांगतो तेवढीच पॉवर लावायची. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो, लांब असेल तर बोंबलतो. स्वीडनमध्ये नेटवर्कवरून मोजलं तेव्हा ग्रामीण भागातले फोन सर्वोच्च पॉवरवर शहरातल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ होते.

थ्रीजीत तर हिशोबच बदलला. कमाल पॉवर पाव वॅटच्या आसपासच, पण पॉवरचं नियंत्रण सेकंदाला १,५०० वेळा होतं, त्यामुळे कॉलमधली प्रत्यक्ष सरासरी कमाल पॉवरच्या टक्काभरही नसते. टूजीवरचा एक तास आणि थ्रीजीवरचा एक तास यांत शंभरपट फरक पडू शकतो. २००२ चे १,६४० तास आणि आजचे १,६४० तास एकाच तागडीत टाकणं म्हणजे रॉकेलचा दिवा आणि एलईडी एका मापाने मोजणं.

एसएआर, म्हणजे दर किलो ऊतीत किती ऊर्जा जिरते त्याचं माप. त्याबद्दलही गैरसमज फार. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. युरोपात २ वॅट प्रति किलो, पण १० ग्रॅमवर सरासरी. आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. १ ग्रॅमची अट कडक आहे, कारण छोट्या ठिपक्यातला उंचवटा मोठ्या सरासरीत विरघळतो. *#०७# डायल केलं की तुमच्या फोनचा आकडा दिसतो. तो प्रयोगशाळेत फोन मुद्दाम पूर्ण पॉवरवर ठेवून मोजलेला असतो. म्हणून ०.६ वाला फोन लिफ्टमध्ये आणि १.२ वाला फोन टॉवरसमोरच्या गॅलरीत अशी तुलना केली, तर डोक्यात जास्त ऊर्जा पहिल्याकडून जाईल.

काजळी

डेन्मार्कने तर कुणालाच काही विचारलं नाही, कंपन्यांच्या ग्राहकयाद्या थेट कर्करोग नोंदणीशी जोडल्या. मग तिथे प्रश्न मिटायला हवा होता?

त्रैराशिक

आठवणीचा मिटला, दुसरा उभा राहिला. १९८२ ते १९९५ मधले ४,२०,०९५ ग्राहक. २०११ च्या अद्ययावत विश्लेषणात ३,५८,४०३. १३ वर्षांहून जुन्या ग्राहकांतही वाढ दिसली नाही. पण कंपनीच्या नावावरचे सुमारे दोन लाख फोन वगळावे लागले, कारण फोन कोण वापरतो ते यादीत नव्हतं. ते लोक गेले 'फोन नसलेल्या' गटात. १९९० च्या सुमाराला सगळ्यात जास्त बोलणारे नेमके तेच, ऑफिसने फोन दिलेले! शिवाय १९९५ नंतर ज्यांनी फोन घेतला तेही 'नसलेले'च राहिले. दोन्ही गट असे एकमेकांत मिसळले की खरा परिणाम असला तरी आकडा १ कडे सरकतो.

म्हणजे इंटरफोनच्या दोषाने आकडा दोन्ही दिशांना जाऊ शकतो, डेन्मार्कच्या दोषाने तो १ कडेच ओढला जातो. अभ्यास वाचताना 'पॉझिटिव्ह की निगेटिव्ह' याआधी हे बघावं की यातली चूक आकड्याला कुठे ढकलते.

मोजपट्टी

कुठल्या कानाला, हा प्रश्न वर निसटून गेला. ऊर्जा फोनच्या बाजूच्याच गोलार्धात जिरते, तेव्हा परिणाम खरा असेल तर गाठ त्याच बाजूला जास्त हवी. इंटरफोनमध्ये जास्त वापरणाऱ्यांत तसा कल दिसला. पण रुग्णाला गाठ उजवीकडे आहे हे माहीत असतं, आणि 'फोन कुठे धरायचात?' विचारलं की उत्तर नकळत उजवीकडे झुकतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच बाजूचा आकडा १ च्या वर आणि विरुद्ध बाजूचा १ च्या खाली असं जोडीने दिसलं तर संशय घ्या. विरुद्ध बाजूला फोन धरल्याने गाठ टळत नाही. तिथले लोक उत्तराच्या ओघात इकडे आले, एवढंच. खरा परिणाम असता तर त्याच बाजूला वाढ आणि विरुद्ध बाजूला १ च्या जवळपास, असं दिसलं असतं.

पेशीपाठ

उंदरांचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा अंतिम अहवाल २०१८ चा. मोठे उंदीर, आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षं, १० मिनिटं चालू १० मिनिटं बंद, दिवसाचे एकूण ९ तासांवर, सगळ्या अंगावर १.५, ३ आणि ६ वॅट प्रति किलो. नरांच्या हृदयातल्या नसांवर श्वानोमा (नसेच्या आवरणातल्या पेशींची गाठ) आढळला: सर्वोच्च मात्रेला जीएसएमच्या ९० पैकी ५ आणि सीडीएमए या दुसऱ्या मोबाइल तंत्राच्या ९० पैकी ६ उंदरांत, कंट्रोलच्या ९० पैकी एकातही नाही. त्यांनी याला 'स्पष्ट पुरावा' म्हटलं. मेंदूतल्या ग्लायोमाला 'काही पुरावा'.

अडचणी: माद्यांत तसा निकाल नाही, छोट्या उंदरांतही नाही. कंट्रोलचे नर मूत्रपिंडाच्या विकाराने लवकर मेले, फोनवाले जास्त जगले. म्हातारपणात येणाऱ्या गाठी दिसायला कंट्रोलला वेळच कमी मिळाला. आणि सामान्य माणसासाठी सर्वांगाची मर्यादा ०.०८ वॅट प्रति किलो आहे. ६ म्हणजे तिच्या ७५ पट. तरी हा प्रयोग मी उडवून लावणार नाही. श्वानोमा आणि माणसाच्या कानाच्या नसेवरची गाठ, अकूस्टिक न्यूरोमा, एकाच प्रकारच्या पेशीतून येतात, म्हणून या निकालाने लोक चपापले.

यंत्रणा मात्र अजून कुणाला सापडलेली नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. डीएनए थेट तुटणं यात बसत नाही. ऊती किंचित तापते, तेवढं सिद्ध आहे.

काजळी

आणि ते २बी? 'डब्ल्यूएचओनेच मान्य केलंय' हे वाक्य प्रत्येक निरोपात असतं.

मोजपट्टी

आयएआरसी (डब्ल्यूएचओची कर्करोग संशोधन संस्था), मे २०११, लियॉन. ३१ तज्ज्ञ. रेडिओलहरींना २बी, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. वर्ग सांगतो की पुरावा किती भक्कम आहे. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क २बी मध्येच आहे, आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही. (कैरीचं लोणचं घाबरून टाकू नका, तो प्रकार वेगळा.) २०११ चा निर्णय मुख्यतः इंटरफोन आणि स्वीडनमधल्या हार्डेल गटाच्या अभ्यासांवर होता, म्हणजे दोन्हीकडे आठवणीवरचे तास. २०१९ मध्ये आयएआरसीच्याच सल्लागार गटाने हा विषय पुन्हा तपासायला अग्रक्रमाने घ्यावा असं सुचवलं.

बार्शी_लाइट

लोकसंख्येतल्या प्रमाणाचा पुरावा कुणी घेतलाच नाही. फोन एवढे वाढले, गाठी वाढल्या का?

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन मिळून १९७९ ते २००८ ची ग्लायोमाची रेघ जवळजवळ एकाच संथ चढाने जाते. मोबाइल आल्यावर तिला कोपरा पडत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये उलटा हिशोब झाला: हार्डेल गटाचे धोक्याचे आकडे खरे असते, तर २००८ पर्यंत ग्लायोमा प्रत्यक्षापेक्षा किमान ४० टक्के जास्त दिसायला हवे होते. दिसले नाहीत. इंटरफोनच्या दहाव्या गटाचा १.४० मात्र या चाळणीतून सुटतो, कारण तेव्हा इतके बोलणारे मोजकेच होते.

विरुद्ध बाजूने इंग्लंडचा आकडा दाखवला जातो. १९९५ ते २०१५ मध्ये ग्लायोब्लास्टोमाचं (सगळ्यात घातक ग्लायोमा) प्रमाण दुपटीहून वाढलं, तेही कपाळामागच्या आणि कानामागच्या भागात. हा आकडाही खरा. पण त्याच काळात कमी घातक ग्लायोमा घटले आणि वाढ उतारवयात जास्त आहे. पूर्वी 'अर्धांगवायू' म्हणून मिटणारी फाइल आता एमआरआयपर्यंत जाते, बायोप्सीत नेमकं नाव मिळतं. नावांच्या रकान्यांत अदलाबदल झाली की एक रकाना फुगतो.

आपल्याकडे ही पडताळणी करायची तर अडचण नोंदणीची. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकातली, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. गावोगाव जाऊन रुग्ण शोधायची तिची पद्धत फार मोलाची. पण मेंदूच्या गाठींचं निदान स्कॅनवर अवलंबून. तालुक्यात सीटी मशीन आलं की प्रमाण वाढतं, मोबाइल येवो न येवो. शिवाय मेनिन्जिओमा बहुतेक वेळा कर्करोग नसतो, तो नोंदणीत येईलच असं नाही. १९९५ ते २०१० च्या भारतीय रेघेवरून मोबाइलबद्दल काही बोलणं म्हणजे ताज्या शेणाने सारवलेल्या अंगणात पावलं मोजणं: जो शेवटचा चालला त्याचीच दिसणार.

वैशाख_वणवा

इथपर्यंत मान्य. पण तुम्ही सगळे काळाचा मुद्दा टाळताय. इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० दरम्यान हजारो मुलांच्या डोक्याच्या गजकर्णावर क्ष-किरणांचा उपचार झाला. त्यांच्यात मेनिन्जिओमा दिसले ते दोन-तीन-चार दशकांनी. आणि ते आयनीकारक किरण होते, जोरदार! मोबाइलचा सरसकट वापर १९९५-२००० नंतरचा. १५ वर्षांत काही दिसलं नाही म्हणजे नाहीच, हे कुठल्या तर्कात बसतं?

त्रैराशिक

नाही बसत, आणि तसा दावा करूही नये. आत्ता काय आहे ते सांगतो.

ब्रिटनचा मिलियन विमेन स्टडी, २०२२: ७,७६,१५६ स्त्रिया, सरासरी १४ वर्षं पाठपुरावा, ३,२६८ मेंदूच्या गाठी. कधीतरी वापर विरुद्ध कधीच नाही: ०.९७ (०.९० ते १.०४). रोज वापरणाऱ्या आणि दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही वाढ नाही. २०१३ च्या फेरीत याच अभ्यासात दहा वर्षांवरच्या वापराला अकूस्टिक न्यूरोमाचा आकडा २.४६ आला होता. पाठपुरावा वाढवल्यावर तो विरला. कमतरता: मध्यमवयीन आणि वयस्क स्त्रिया, त्यांतल्या बहुतेक फोनवर बेताच्याच बोलणाऱ्या.

कॉसमॉस हा युरोपातला पाठपुरावा अभ्यास, २०२४: भरती २००७ ते २०१२, विश्लेषणात डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स, स्वीडन, ब्रिटन; २,६४,५७४ लोक, मध्यक ७ वर्षांचा पाठपुरावा. खुबी अशी की प्रश्नावली आजार होण्याआधी भरली, आणि काहींच्या संमतीने कंपन्यांच्या नोंदी घेऊन सांगितलेले तास त्या मापाने दुरुस्त केले. दर १०० तासांमागे ग्लायोमाचा धोका १.०० (०.९८ ते १.०२). १५ वर्षांहून जास्त वापर: ०.९७ (०.६२ ते १.५२).

आता वैशाखरावांच्या बाजूने बोलतो. त्या शेवटच्या कंसाकडे बघा, ०.६२ ते १.५२. दुप्पट धोका असण्याची शक्यता त्यातून जवळजवळ बाद होते, पण इंटरफोनचा १.४० त्या कंसात आरामात बसतो! कारण अडीच लाखांवर लोक घेऊनही ग्लायोमा मिळाले १४९. अठरा लाखांवर मनुष्य-वर्षं, लाखाला साधारण ८. दुर्मिळ आजारात कोहॉर्टची, म्हणजे आधी माणसं घेऊन पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाची, ही मजबुरी. वर्षं वाढत जातील तसा कंस आवळेल. २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ शोधलेख एकत्र केले आणि 'वाढ बहुधा नाही' या निष्कर्षाची खात्री 'मध्यम' धरली. 'उच्च' नाही.

अँटेना_बुवा

आणि काळ जितका लांबवाल तितकी त्यातली मात्रा खाली जाते. नंतरनंतरचे तास वाढत्या प्रमाणात थ्रीजी-फोरजीचे, त्यात बराच वापर कान सोडून: स्पीकर, इअरफोन, मेसेज. तीस वर्षांनी परिणाम दिसला तरी तो आजच्या फोनचा की १९९८ च्या, हे वेगळं काढणं कठीण जाईल.

काजळी

मुलांचं?

पेशीपाठ

मोबी-किड्स, निकाल २०२१-२२ चे. १४ देश, वय १० ते २४, ८९९ रुग्ण, १,९१० कंट्रोल. यात भारत होता. कंट्रोल निवडायची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी: अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला आलेली मुलं. अपेंडिक्स श्रीमंत-गरीब बघत नाही, फोनशी त्याचा संबंध नाही, आणि दवाखान्यात पडून असलेलं मूल मुलाखतीला नाही म्हणत नाही. इंटरफोनचं ५३ टक्क्यांचं दुखणं टाळायचा तो प्रयत्न. धोका वाढलेला दिसला नाही. उलट आकडे पुन्हा १ च्या खाली गेले. एक कारण असं दिलं गेलं की गाठीची पूर्वलक्षणं असलेली मुलं निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासूनच फोन कमी वापरत असावीत. पालकांना विचारून भरलेल्या उत्तरांचा घोळ वेगळाच.

बार्शी_लाइट

भारतात असा अभ्यास कुणी आखत असेल तर प्रश्नावली युरोपातून उचलू नये. चार जागी पाय घसरेल.

पहिली, इनकमिंगला पैसे. मोबाइल इथे १९९५ ला आला, पण २००३ पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्या काळातल्या वापरात मिस्डकॉल फार आणि बोलणं कमी. 'आठवड्याला किती कॉल' हा प्रश्न तिथे फसतो; 'महिन्याला किती रुपयांचं रिचार्ज आणि कुठला प्लॅन' विचारा, तो आकडा लोकांना पक्का आठवतो, दरावरून मिनिटं काढता येतात.

दुसरी, सिम कुणाच्या नावावर. घरातली तीन सिमं वडिलांच्या आधारावर असतात. ग्राहकयादी वापराल तर डेन्मार्कचीच चूक, फक्त ऑफिसच्या जागी घर. बायकांचा वापर सगळा पुरुषांच्या खात्यात जाईल.

तिसरी, कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी. परवान्याच्या अटीनुसार त्या ठराविक काळच ठेवायच्या असतात. आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ पासून दोन. रुग्ण सापडल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या मागायला गेलात तर हात हलवत परत याल. कॉसमॉससारखी आधीच लेखी संमती घेऊन दर काही महिन्यांनी उचलायला हव्यात. आणि व्हॉट्सअॅप कॉल त्यांत मिनिटं म्हणून येतच नाहीत, फक्त डेटा दिसतो.

चौथी, नेटवर्क. गावाचं नाव आणि त्या वर्षी तिथे टूजी होतं की थ्रीजी, ही जोडी लिहून घ्या. अँटेना_बुवांनी वर सांगितलेला शंभरपटीचा फरक या एका रकान्यात आहे आणि तोच बहुतेक फॉर्ममध्ये नसतो.

निषाद_पु

हे धाग्याच्या वर चिकटवतो. टॉवरबद्दल वेगळ्या प्रतिसादांत विचारणा होतेय, तेव्हा थोडक्यात: टॉवरची पॉवर जास्त, पण अंतरामुळे अंगावर पोचते ती कानाशी धरलेल्या फोनच्या तुलनेत नगण्य. २०१२ मध्ये आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. सोसायटीने टॉवर हटवला आणि सिग्नल पडला तर कानाजवळचा फोन पॉवर वाढवणार, हा उलटा परिणाम बैठकीत कुणी मांडत नाही. ज्यांना काळजीच वाटते त्यांनी वायरचा इअरफोन लावावा, सिग्नलची एकच कांडी असताना कॉल लांबवू नये, लिफ्टमध्ये बोलू नये. फोनला चिकटवायच्या 'रेडिएशन चिप'ला पैसे देऊ नयेत. ती काम करत नसेल तर पैसे वाया, आणि अँटेना खरोखर अडवत असेल तर फोन आणखी जोर लावणार.

मोजपट्टी

बार्शीकरांच्या यादीत पाचवं घाला. कानाचा प्रश्न गाठीच्या प्रश्नांच्या आधी, आणि थेट विचारू नये. मुलाखत सुरू होण्यापूर्वी समोरच्याच्या हातात बंद फोन द्या, 'हॅलो म्हणून दाखवा' सांगा, हात आणि कान टिपून घ्या. मुलाखत घेणाऱ्याला समोर रुग्ण आहे की कंट्रोल हे शक्यतो कळू नये. डोक्याला टाके असतील तर ते कळणारच. तिथे 'कळलं' असा रकाना ठेवा आणि विश्लेषण दोनदा करा, ती माणसं धरून आणि वगळून.